नाव एकच, काम निराळे : लॅपटॉप व डेस्कटॉप यांतील ग्राफिक्स कार्ड



२०२४ च्या जून महिन्यात आमच्या घरी एक लॅपटॉप आला. ‘आला’ असे म्हणतो खरा, पण तो सहजासहजी आलेला नाही. वडगावात आमचे चार यंत्रमाग आहेत. पाचवा घ्यायचा म्हणून बाबांनी बाजूला ठेवलेले पैसे आणि वर सोसायटीचे थोडे कर्ज, असे मिळून माझे हे यंत्र झाले. दुकानदाराने त्यातील ग्राफिक्स कार्डाचे नाव मोठ्या कौतुकाने सांगितले : आरटीएक्स ४०७०. “हेच कार्ड डेस्कटॉपमध्येही असते. फरक एवढाच की हे पिशवीत घालून नेता येते,” असेही तो म्हणाला. मी मान डोलावली आणि बाबांनी नोटा मोजल्या.

पुढे वर्गातील प्रकल्पासाठी आम्ही किल्ल्यातील कमल बस्तीच्या छताचे त्रिमितीय चित्र ब्लेंडर या प्रणालीत तयार करायला घेतले. माझा जोडीदार गोकाकचा. त्याने सुटे भाग जुळवून स्वतःच डेस्कटॉप उभा केला होता आणि त्यात कार्ड होते आरटीएक्स ४०६०, म्हणजे माझ्यापेक्षा एक पायरी खालचे. दगडात कोरलेल्या त्या कमळाची एकच फाईल आम्ही एकाच वेळी दोन्ही यंत्रांवर लावली. माझे यंत्र पुढे जाणार याविषयी मला शंका नव्हती. आरंभी दोन्ही यंत्रे बरोबरीने चालली. थोड्या वेळाने माझ्या लॅपटॉपचे पंखे विमानासारखे घोंघावू लागले, आणि माझे चित्र हळूहळू मागे पडत गेले. शेवटी त्याचे कमळ आधी उमलले. तो हसत म्हणाला, “हेसरु ओंदे, केलस बेरे!” म्हणजे, नाव एकच, काम निराळे.

त्या दिवशी मला राग आला, हे कबूल केले पाहिजे. पण राग ओसरल्यावर वाटले की आपण भौतिकशास्त्राचे विद्यार्थी, तेव्हा असे का झाले याचे कारण तरी शोधावे. त्या शोधात जे हाती लागले ते या लेखात मांडत आहे. पुढील वर्षी ज्यांच्या घरी असेच पैसे मोजले जाणार आहेत, त्यांना त्याचा काही उपयोग व्हावा, एवढाच हेतू.

प्रथम, ग्राफिक्स कार्ड करते तरी काय? आपल्या नेहमीच्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० असे ठिपके असतात, म्हणजे एकूण २० लाख ७३ हजार ६००. हलते चित्र दिसण्यासाठी हे सर्व ठिपके सेकंदाला ६० वेळा रंगवायचे म्हटले तर ती संख्या १२ कोटींच्या वर जाते. प्रत्येक ठिपक्याचे गणित सोपे असते, पण ते प्रचंड संख्येने आणि एकाच वेळी करावे लागते. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हा कसबी कारागिरासारखा असतो. त्याला कोणतेही अवघड काम द्या, तो करील, पण त्याचे हात मोजके. उलट ग्राफिक्स कार्डावरील चिपमध्ये हजारो छोटे गणक असतात. त्यांना ‘कोर’ म्हणतात. एकेकट्याची हुशारी बेताची, पण सगळे एका तालावर काम करतात. १९९९ मध्ये एनव्हीडिया कंपनीने जीफोर्स २५६ ही चिप बाजारात आणताना ‘जीपीयू’ हा शब्द रूढ केला. २००७ मध्ये त्याच कंपनीच्या कुडा या प्रणालीमुळे चित्रांखेरीज इतर गणितेही या कोरांकडून करून घेणे सोपे झाले. आज यंत्रशिक्षण म्हणून ज्या विषयाची चर्चा आपण ऐकतो, त्याचा डोलारा याच कोरांवर उभा आहे.

आता नावाची गोष्ट. ही गोष्ट मनोरंजक आहे आणि आमच्या फजितीचे मूळही तिच्यातच आहे. पूर्वी लॅपटॉपच्या कार्डाच्या नावापुढे ‘एम’ हे अक्षर असे. २०१४ मध्ये आलेल्या जीटीएक्स ९८० या डेस्कटॉप कार्डात २०४८ कोर होते, तर त्याच वर्षीच्या ९८० एम मध्ये १५३६. अक्षर निराळे होते, त्यामुळे गिऱ्हाइकाला निदान एवढे तरी कळे की वस्तू निराळी आहे. २०१६ मध्ये जीटीएक्स १०८० आले, तेव्हा लॅपटॉप आणि डेस्कटॉप दोन्हींत २५६० कोरांची तीच चिप बसवण्यात आली. मग ‘एम’ गळून पडले, आणि ते योग्यच झाले. परंतु २०२१ मध्ये आरटीएक्स ३०८० च्या वेळी वाटा पुन्हा वेगळ्या झाल्या. डेस्कटॉपच्या कार्डात ८७०४ कोर आणि लॅपटॉपच्या कार्डात ६१४४. चिपच वेगळी! मात्र गेलेले अक्षर परत आले नाही. तपशीलपत्रकात ‘लॅपटॉप जीपीयू’ असे शब्द नावापुढे असतात, पण बोलताना ते कोण उच्चारतो? दुकानात राहतो तो फक्त आकडा.

यात कोणी सरळ खोटे बोलले असे मी म्हणणार नाही. आकडा हा एका कुटुंबातील पायरी दाखवतो. ४०७० हे लॅपटॉपच्या कुटुंबात ४०६० च्या वर आणि ४०८० च्या खाली आहे, एवढाच त्याचा अर्थ. डेस्कटॉपचे कुटुंब निराळे आणि तिथल्या पायऱ्यांची उंचीही निराळी. दोन गावांतील ‘पाटील’ एकाच मानाचे असतीलच असे नाही, तसेच हे.

मग दोन कुटुंबांत एवढे अंतर का? कंपनीने मोठी चिप लॅपटॉपमध्ये घातली असती तर काय बिघडले असते? या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात द्यायचे तर ‘उष्णता’.

कार्ड जेवढी वीज घेते ती जवळजवळ सर्व शेवटी उष्णतेत रूपांतरित होते. गणित करून उत्तर तेवढे पडद्यावर जाते, ऊर्जा मात्र खोलीतच उरते. आरटीएक्स ४०९० या डेस्कटॉप कार्डाची मर्यादा ४५० वॅट आहे, म्हणजे साधारण अर्ध्या इस्त्रीची उष्णता. ती बाहेर टाकण्यासाठी तीन मोठे पंखे आणि विटेपेक्षाही लांब असा धातूच्या पातळ पट्ट्यांचा ठोकळा लागतो. लॅपटॉपची एकूण जाडीच दोन-अडीच सेंटिमीटर. त्यात कळफलक, बॅटरी आणि मुख्य प्रोसेसर यांच्या शेजारी कार्डाला जागा मिळते. तिथे ११५ वॅट म्हटले तरी जुन्या काळच्या ६० वॅटच्या दोन बल्बांची उष्णता एका जाड वहीच्या पोटात भरण्यासारखे होते. म्हणून लॅपटॉपमधील ४०९० ची मर्यादा १५० वॅटच्या आसपास ठेवावी लागते. जिथे अन्नच एवढे कमी, तिथे मोठी चिप पोसायची कशी? म्हणून तिथे चिपही धाकटी बसवतात. डेस्कटॉपच्या ४०९० मध्ये १६,३८४ कोर आहेत, लॅपटॉपच्या ४०९० मध्ये ९,७२८. हीच धाकटी चिप डेस्कटॉपमध्ये ४०८० या नावाने मिळत असे.

येथे चाणाक्ष वाचक विचारील की १५० वॅट म्हणजे ४५० च्या एकतृतीयांश, तर मग लॅपटॉपचे कामही एकतृतीयांशच होते का? नाही, आणि याचे कारण आपल्या पाठ्यपुस्तकातच आहे. चिपमधील अब्जावधी सूक्ष्म स्विच सतत उघडझाप करतात. प्रत्येक स्विच म्हणजे जणू एक छोटा धारित्र. तो भरायला आणि रिकामा करायला लागणारी शक्ती ही धारिता, व्होल्टेजचा वर्ग आणि वारंवारता यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. वारंवारता वाढवायची तर सामान्यतः व्होल्टेजही वाढवावे लागते. आता उलट विचार करा. दोन्ही एकपंचमांशाने कमी केली, तर चार पंचमांश गुणिले चार पंचमांश गुणिले चार पंचमांश, म्हणजे ०.५१२. काम गेले फक्त एकपंचमांश, आणि वीज वाचली जवळजवळ निम्मी! लॅपटॉपची सारी किमया या एका सूत्रात आहे. चिपला धावायला लावू नका, भरभर चालू द्या. शेवटच्या काही पावलांची धाप तेवढी टळते. डेस्कटॉप कार्ड शेवटचा थोडासा वेग मिळवण्यासाठी बरीच वीज जाळते, लॅपटॉप तो मोह सोडून देतो.

अर्थात ही किमया अमर्याद नाही. व्होल्टेज एका विशिष्ट पातळीखाली नेले की स्विच नीट चालत नाहीत. तेथून पुढे वीज कमी केली की काम त्याच प्रमाणात घटते. फार बारीक लॅपटॉपमध्ये नेमके हेच घडते.

आता माझ्या यंत्राचा हिशेब मांडू या. कोरांची संख्या गुणिले वारंवारता गुणिले २ (कारण प्रत्येक कोर एका ठोक्यात एक गुणाकार आणि एक बेरीज करू शकतो), असे केले की सेकंदाला होणाऱ्या गणितांची कागदावरची कमाल संख्या मिळते. सोयीसाठी ती ‘लाख कोटी’मध्ये देतो.

डेस्कटॉप ४०७० : ५८८८ कोर, २.४७५ गिगाहर्ट्झ. उत्तर सुमारे २९.
डेस्कटॉप ४०६० : ३०७२ कोर, २.४६ गिगाहर्ट्झ. उत्तर सुमारे १५.
लॅपटॉप ४०७० : ४६०८ कोर, पण वारंवारता १.२३ पासून २.१७५ गिगाहर्ट्झपर्यंत. उत्तर ११ पासून २० पर्यंत.

तिसरी ओळ पुन्हा वाचावी. एकाच नावाच्या लॅपटॉप कार्डाची कुवत जवळजवळ दुप्पट फरकाने बदलू शकते. याचे कारण असे की या कार्डाला ३५ वॅट द्यायचे की ११५, हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. जाड देहाच्या, मोठ्या पंख्यांच्या यंत्रात ते २० च्या जवळ जाईल. बारीक आणि देखण्या यंत्रात तेच कार्ड डेस्कटॉपच्या ४०६० च्याही खाली उतरेल. माझे यंत्र देखणे आहे. दुकानात मी त्याची जाडी बोटांनी मोजून खूश झालो होतो. त्याच्या तपशीलपत्रकात अगदी तळाशी, बारीक अक्षरांत, कार्डाला ६० वॅट मिळतात असे छापलेले होते. ते मी विकत घेतल्यानंतर पाच महिन्यांनी वाचले. दोष द्यायचाच तर तो मी स्वतःलाच देतो.

याच्या उलट बाजूही सांगितली पाहिजे. माझ्या मित्राचे ४०६० घ्या. डेस्कटॉपमध्ये त्याला ११५ वॅट लागतात. लॅपटॉपच्या ४०६० मध्ये तेवढेच ३०७२ कोर, तेवढीच ८ गिगाबाइट मेमरी, आणि जाड यंत्रात तेही ११५ वॅटपर्यंत जाऊ शकते. साहजिकच दोघांत अंतर थोडेच उरते. म्हणजे खालच्या पायरीवर नाव बऱ्यापैकी खरे बोलते, आणि जसजसे वर चढावे तसतसे अंतर वाढत जाते. ४०७० ला कोर ५८८८ विरुद्ध ४६०८, आणि ४०९० ला १६,३८४ विरुद्ध ९,७२८. २०२५ मध्ये आलेल्या ५०९० ला तर २१,७६० विरुद्ध १०,४९६, म्हणजे निम्म्याहूनही कमी. डेस्कटॉपचे कार्ड आता ५७५ वॅटवर गेले आहे. लॅपटॉपची जाडी मात्र आहे तेवढीच आहे. थोडक्यात, नाव जितके मोठे तितकी फसगत मोठी. वाचकांनी या लेखातील एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल तर ते हे.

वॅटइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी. डेस्कटॉप ४०७० मध्ये ती १२ गिगाबाइट असते, लॅपटॉप ४०७० मध्ये ८. शिवाय मेमरीपासून चिपपर्यंतचा रस्ता डेस्कटॉपमध्ये १९२ बिट रुंद, तर लॅपटॉपमध्ये १२८. त्यातून सेकंदाला जाऊ शकणारा माल अनुक्रमे ५०४ आणि २५६ गिगाबाइट. कोर कितीही असोत, सूत वेळेवर आले नाही तर माग थांबतोच. वेग कमी असला तर काम उशिरा होते, पण होते. मेमरी अपुरी पडली तर मात्र काम फार मंदावते किंवा सुरूच होत नाही. उदाहरणार्थ, ७०० कोटी घटकांचे एखादे भाषा-प्रतिमान चालवायचे आणि प्रत्येक घटकाला २ बाइट धरले, तर १४ गिगाबाइट हवेत. ते ८ मध्ये बसत नाही आणि १२ मध्येही नाही. तेच प्रत्येक घटकाला अर्धा बाइट देऊन आटवले तर साडेतीन गिगाबाइटमध्ये बसते, आणि मग माझा लॅपटॉपही ते चालवतो. आमच्या वर्गातील ज्यांना यंत्रशिक्षणाचा अभ्यास करायचा आहे, त्यांनी कोरांपेक्षा आधी मेमरी पाहावी.

मग लॅपटॉप घेऊच नये का? असे माझे म्हणणे मुळीच नाही. मित्राच्या गावी उन्हाळ्यात लाईट गेली की त्याचा डेस्कटॉप क्षणात बंद पडतो आणि अर्धे काम वाया जाते. यूपीएस घ्यावा तर तो वेगळा खर्च. माझे यंत्र निदान जतन करून बंद करण्याइतका वेळ तरी देते. ‘निदान’ म्हणतो, कारण बॅटरीवर पूर्ण जोर मिळत नाही. विमानातून सोबत नेण्याच्या नियमांमुळे लॅपटॉपच्या बॅटऱ्या सहसा १०० वॅट-अवरच्या आत असतात. १५० वॅटने खर्च केला तर ती चाळीस मिनिटांत संपेल. म्हणून बॅटरीवर असताना यंत्र आपणहून कार्डाचा हात आखडते. तरीही वसतिगृह, ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि घर अशी ज्याची रोजची फिरती आहे, त्याला लॅपटॉपवाचून गत्यंतर नाही. उलट ज्याचे टेबल एका जागी आहे, त्याला त्याच पैशात डेस्कटॉपमध्ये बहुधा अधिक काम मिळते. शिवाय तीन-चार वर्षांनी तेवढे कार्डच बदलता येते. आजच्या लॅपटॉपमध्ये चिप सहसा मुख्य पाटीला कायमची जोडलेली असते. ती बदलायची म्हणजे यंत्रच बदलायचे.

दुकानात गेल्यावर म्हणून तीनच प्रश्न विचारावेत. कार्डाला जास्तीत जास्त किती वॅट मिळतात? कार्डाची स्वतःची मेमरी किती? आणि हेच मॉडेल अर्धा तास सलग काम करताना कसे चालते, याची कोणी चाचणी केली आहे का? पहिल्या पाच मिनिटांच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये, कारण तोपर्यंत धातू तापलेला नसतो. वॅटचा आकडा दुकानदाराला ठाऊक नसेल, तर तपशीलपत्रक मागून स्वतः वाचावे, अगदी तळाच्या ओळीपर्यंत. आणि ज्यांच्याकडे यंत्र आधीच आहे त्यांना एक साधी सूचना. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवू नका, कारण हवा खालून आत जाते. मी माझे यंत्र मागच्या बाजूने दोन जाड पुस्तकांवर टेकवले, तेव्हा पंख्यांचा कल्लोळ कमी झाला आणि कमळही थोडे लवकर उमलू लागले.

शेवटी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. २०१२ मध्ये टोरांटो विद्यापीठातील तिघांनी ॲलेक्सनेट हे प्रतिमान तयार केले, आणि चित्रे ओळखण्याच्या स्पर्धेत त्याने इतरांना फार मागे टाकले. यंत्रशिक्षणाच्या इतिहासाला तेथून वळण लागले. त्यांनी ते ज्या दोन कार्डांवर शिकवले ती खेळासाठी विकली जाणारी जीटीएक्स ५८० होती, प्रत्येकी फक्त ३ गिगाबाइट मेमरीची. एका कार्डात प्रतिमान मावेना म्हणून त्यांनी ते दोन कार्डांत वाटले आणि पाच-सहा दिवस यंत्र चालू ठेवले. माझ्या ‘फसलेल्या’ यंत्राची मेमरी त्या दोन्ही कार्डांच्या बेरजेपेक्षाही जास्त आहे. हे वाचले त्या दिवसापासून माझी तक्रार बरीचशी मावळली.

बाबांना मात्र खरे सांगायचे राहिले होते. त्यांच्या पाचव्या मागाच्या पैशातून आलेली वस्तू नावाएवढी नाही, हे तोंडाने सांगणे मला जड जात होते. दिवाळीच्या सुट्टीत एका संध्याकाळी माग थांबल्यावर मी त्यांना वॅट, उष्णता आणि कोर असे सगळे समजावून सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, “म्हणजे मोटार तीच, पण करंट कमी मिळतोय, असंच न्हवं?”

“होय बाबा. आणि मोटारही थोडी बारकीच आहे.”

ते हसले आणि खांद्यावरच्या पंचाला हात पुसत म्हणाले, “बारक्या मोटारीचा माग कोण बंद ठेवत नाही. चालव तू.”